शेवटच्या केळीपर्यंत प्रेशर

प्रेशर या एका शब्दावर माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्त होऊन घरी बसले, तरी तो शब्द कुठे ऐकला की माझे कान टवकारतात. भाजीबाजारात कुणी बाई मैत्रिणीला म्हणाली, "घरी फार प्रेशर आहे गं," तर माझ्या तोंडून निघून जातं, "किती?" दोघी माझ्याकडे वळून बघतात. भाचा परीक्षेचं प्रेशर सांगायला लागला की मी त्याला विचारते, किती किलो? तो चिडतो आणि आईकडे माझी तक्रार करतो. पण ज्या शब्दाने मला उभा खानदेश पायाखाली घालायला लावला, तो असा कुणीही, कुठेही, न मोजता वापरलेला मला सहन होत नाही.

जळगावातल्या एका ठिबक कंपनीच्या सर्व्हिस विभागात मी होते. हा अंक खानदेशाबाहेरही वाचला जातो म्हणून सांगते. ठिबक म्हणजे विहिरीचं पाणी मोटरने उचलायचं, फिल्टरमधून गाळायचं, जाड पाइपातून शेतात न्यायचं आणि तिथून बोटाएवढ्या काळ्या नळ्या पिकाच्या ओळींतून पसरायच्या. नळीला जागोजागी ड्रिपर असतात आणि त्यांतून झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी पडतं. बिघडलं की शेतकरी कंपनीला फोन करायचा आणि कंपनी मला पाठवायची. माझ्या पिशवीत पान्हे, नळीचे जोड, भोकं बुजवायची प्लॅस्टिकची बारकी बुचं आणि फडक्यात गुंडाळलेलं प्रेशर गेज असे. तळहातावर मावेल एवढी गोल डबी, वर काच, आत आकडे आणि एक काटा. गावोगावी लोक त्याला घड्याळ म्हणत आणि मला घड्याळवाल्या ताई. बाई माणूस मोटरवर काय बघणार, म्हणून सुरुवातीला नाकं मुरडली गेली. पण वावर सुकायला लागलं की पान्हा कुणाच्या हातात आहे हे कुणी बघत नाही.

आमच्या धंद्यात प्रेशर किलोत सांगतात. एक किलो, दीड किलो. नवखा शेतकरी हमखास विचारायचा, कशाचं किलो? मी त्याच्या करंगळीच्या नखाकडे बोट दाखवायचे. एवढ्या जागेवर एक किलोचं माप ठेवलं तर जेवढं दाबलं जाईल, तेवढं हे पाणी पाइपाच्या आतल्या प्रत्येक नखाएवढ्या जागेला दाबतंय. खाली, वर, बाजूला, सगळीकडे सारखंच. प्रेशरचा सगळा अर्थ एवढाच आहे, किती जोर आणि किती जागेवर. तोच जोर मोठ्या जागेवर पसरला की काही वाटत नाही, सुईच्या टोकावर आला की आरपार जातो. हे एकदा कळलं की माणूस घरभर प्रेशर शोधत फिरतो. सायकलच्या चाकात आहे, कुकरमध्ये आहे, डॉक्टर दंडाला पट्टा बांधून मोजतात तेही हेच आहे. आणि साहेबांवर वरून येतं म्हणतात ते मात्र अजून कुठल्याच काट्यावर दिसलेलं नाही.

माझी याच्याशी पहिली ओळख धुळ्याला आईच्या स्वयंपाकघरात झाली. घरात नवा कुकर आला होता आणि आई त्याच्यापासून चार हात लांब उभी राहायची. शिटी व्हायला आली की मला मागे ओढायची. यात काय आहे असं मी विचारलं, तर आई तिच्या अहिराणीत म्हणाली, "वाफ कोंडेल शे बेटा. कोंडेल वाफ वाट धुंडस." कोंडलेली वाफ वाट शोधते. पुढे डिप्लोमाला प्रेशरची व्याख्या शिकले, गणितं केली, सगळं केलं. पण शेतात उभं राहून डोकं चालेनासं झालं की मला आठवायचं ते आईचं हेच वाक्य.

लोकांची खरी गल्लत कुठे होते, ते सांगायला मला आमच्या शेठजींची गोष्ट सांगावी लागेल. शेठजींची जळगावात डाळमिल आणि बोदवडकडे शेती. शेतावर आमचं ठिबक होतं, म्हणून पाण्याच्या कुठल्याही दुखण्यावर आपला हक्काचा वैद्य असं त्यांनी मला ठरवून टाकलं होतं. त्यांनी तीन मजली बंगला बांधला, सर्वात वरच्या मजल्यावर झकपक बाथरूम केलं, आणि तिथला शॉवर नुसता रडायला लागला. मला बोलावणं आलं. गच्चीवर गेले तर जुन्या टाकीच्या जागी दुप्पट मोठी, बसकी, ऐसपैस टाकी. शेठजींनी हिशेब केला होता की पाणी जास्त तर दाब जास्त. नवी टाकी बसवली आणि शॉवर होता तसाच रडत राहिला.

शेठजी टाकीवर थाप मारून मला म्हणाले, "ताई, इतकं वजन वर बसवलंय. मग दाबत का नाही?"

मी त्यांना सांगितलं की पाण्याला पसाऱ्याशी देणंघेणं नाही, उंचीशी आहे. शॉवरच्या वर पाणी किती उंच उभं आहे, तेवढंच प्रेशर. विहिरीएवढी टाकी शॉवरच्या डोक्यावर टेकवून ठेवली तरी शॉवर रडेल, आणि बारीक नळीतलं पाणी तीन मजले उंच उभं राहिलं तर किलोभर दाबेल. शेठजींना हे पटेना. तेवढंच पाणी वर चढवून ठेवलं तर जास्त दाबेल, ही त्यांना हातचलाखी वाटत होती. शेवटी मी गच्चीवरच्या पाण्याच्या ड्रममध्ये एक लांब नळी बुडवली आणि ती भरून घेतली. नळीचं एक टोक ड्रममध्ये ठेवून दुसरं शेठजींच्या हातात दिलं, आणि अंगठा तोंडावर धरून त्यांना एक जिना खाली उतरायला सांगितलं. ते उतरायला लागले, आणि पायरीपायरीला त्यांच्या चेहऱ्यावर उजाडायला लागलं. पाणी अंगठा ढकलत होतं. खालून ते ओरडले की जोर वाढला, आणि तो आनंद असा होता की मालाची गाडी आल्यावरही इतका नसेल. जुनी छोटी टाकी उंच लोखंडी घोडीवर चढली आणि शॉवर हसायला लागला. त्यानंतर शेठजी डाळमिलवर आलेल्या प्रत्येकाला बंगल्यावर नेऊन आंघोळ करून जा म्हणायचे, असं त्यांच्या मुनीमजींनी मला सांगितलं.

पाणी किती आहे आणि पाणी किती दाबतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उघड्या पाइपातून मांडीएवढी धार पडताना पाहून शेतकरी म्हणतो, काय प्रेशर आहे. मी म्हणते, त्या तोंडाशी प्रेशर जवळजवळ शून्य आहे. वाट मोकळी मिळाली, पाणी निघून चाललं, ते आता कशाला दाबेल? तोंड बंद करा, मग आतून काय जाणवतं ते बघा. बागेत पाणी घालताना आपण सगळेच नळीच्या तोंडावर अंगठा धरतो. म्हणजे हाताला माहीत असतं, डोक्यालाच ते कळवलेलं नसतं.

आता शेतात सेन्सर आलेत, मोबाइलवर आकडा येतो, वाढला-कमी झाला की घंटी वाजते. चांगलंच आहे, मी पुढच्यांना दोष देत नाही. पण काच पुसून, श्वास धरून काटा हलायची वाट बघणं आता कुणाच्या वाट्याला येत नाही, आणि त्याची मला खरंच हळहळ वाटते. कारण माझ्या नोकरीतला सर्वात मोठा आनंद मी त्या काट्यावर पाहिला आहे. जळगावजवळच्या असोद्याला, सिंधूअक्काच्या केळीत.

सिंधूअक्का ही एका शेतकरी घरची थोरली सून. नवरा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये नोकरीला, म्हणून अर्धं वावर ती करायची आणि अर्धं तिचा दीर प्रल्हादभाऊ. जमीन सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या नावावर. प्रल्हादभाऊ आपल्या तुकड्याला दांडाने, म्हणजे मातीच्या चारीतून, पाणी सोडायचा, पूर्वापार चालत आलं तसं. अक्काने मात्र घरात भांडून आपल्या तुकड्यात ठिबक बसवून घेतलं होतं. आणि आता भर उन्हाळ्यात तिच्या शेवटच्या ओळी पिवळ्या पडत होत्या.

तिने फोन केला तेव्हा आवाज अगदी बारीक होता. "ताई, आखाजी जवय आली. आबा वावराचं ठरवतीन. भाऊजी म्हनता नळ्या उपटून फेका, सगळं वावर मी करतो. तुम्ही या."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्यांना ती आंब्याची आणि सोन्याची. आमच्याकडे ती शेताची पण आहे. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, त्या दिवशी धरतात आणि सोडतात, आणि पुढचं वर्षभर कुठलं वावर कोण करणार हेही घराघरांत त्याच दिवशी बसून ठरतं. शेवटच्या ओळी गेल्या तर अक्काच्या हातातून वावर जाणार होतं, आणि एकदा गेलेलं वावर सुनेच्या हातात परत येत नाही. त्यात केळी निसवायला आली होती, म्हणजे झाडाच्या पोटातून घड बाहेर पडायची वेळ. या दिवसांत पाणी तुटलं तर घड गळ्यातच अडकतो. थांबायला वेळ नव्हता.

मी सकाळी गाडी काढली आणि थेट वावरात गेले. विहिरीजवळ कडुलिंबाचं मोठं झाड, त्याखाली आबांची खाट. आबा थकलेले, हातात काठी, पण नजर सगळीकडे. दिवसभर ते तिथेच असत, अधूनमधून उठून केळीतून एक चक्कर मारत आणि परत येऊन पोती शिवत बसत. प्रल्हादभाऊ मला बघायलाच थांबला होता. त्याने मला हाताला धरल्यासारखं वावराच्या शेवटाला नेलं, जाड पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडला, आणि भळाभळा पाणी बाहेर पडलं.

"बघा मॅडम, किती प्रेशर हाये," तो म्हणाला. "पानी शेवटापर्यंत येते. तुमचे ड्रिपरच खोटे."

मी त्याला व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं, टोकाला माझं गेज जोडलं आणि काटा दाखवला. तो जेमतेम हलला आणि बसून राहिला. पाणी येत होतं, पण दाबत नव्हतं, आणि दाबल्याशिवाय ड्रिपर थेंब सोडत नाही. प्रल्हादभाऊने घड्याळ बिघडलं असेल असं सुचवलं. मी गेज काढून घेतलं.

फिल्टरजवळ आले. तिथे दीड किलो हवं, तर काटा अर्ध्या किलोवर. फिल्टर उघडून धुतला, पुन्हा लावला, काटा अर्ध्यावर. विहिरीला पाणी भरपूर होतं. अक्काने नुकतीच मोटरही बदलून मोठी बसवली होती, तरी काटा अर्ध्यावर. अशा वेळी दुसऱ्या कुणाची पाचावर धारण बसेल, माझे मात्र हात शिवशिवायला लागतात. मोटर एवढं पाणी लोटतेय, ते शेवटाला पोचत नाही, म्हणजे मधे कुठेतरी जातंय. कोंडलेल्या पाण्याला वाट सापडली होती, आणि मला ती वाट शोधायची होती. लाइट दुपारपर्यंतच होती.

पहिल्या ओळींत शिरले. तिथली केळी बघून कुणीही तोंडात बोट घातलं असतं. काळीभोर हिरवी, खोडं कवेत न मावणारी. एवढी चांगली की मला तिथेच शंका आली. ओळींमध्ये वाळलेली पानं जाड अंथरलेली होती, त्यांच्याखाली नळ्या दिसत नव्हत्या. मी मजूर बायांना जरा गप्प राहायला सांगितलं आणि खाली वाकून कान लावला. पानांखालून फुरफुर आवाज येत होता. एक पान उचललं, तर पाण्याचा फवारा थेट माझ्या चष्म्यावर.

ड्रिपरच्या शेजारी भोक होतं. गोल, स्वच्छ, झाडाच्या बुंध्याकडे तोंड केलेलं. पुढच्या झाडाला दोन, त्याच्या पुढच्याला तीन. मी पानं बाजूला सारत पुढे सरकत गेले आणि प्रत्येक झाडापाशी तेच. अशा एका भोकातून जेवढं पाणी जातं तेवढ्यावर वीस-पंचवीस केळीची झाडं ठिबकवर आरामात जगतात. मोटर मोठी बसवली तेव्हा या भोकांची तेवढी चंगळ झाली होती. मला इतका आनंद झाला की मी चिखलात गुडघे टेकून हसायला लागले. अक्का धावत आली, तिला वाटलं ताईंना ऊन लागलं.

मग मी भोकं कुठपर्यंत आहेत ते बघायला उठले, आणि माझं हसू थांबलं. लिंबाजवळ ती दाट होती. खाटेपासून लांब जावं तसतशी विरळ होत गेली. थोड्या अंतरावर ओळींमध्ये एक सपाट दगड ठेवलेला होता, थकलेल्या माणसाला टेकायला. त्या दगडापुढे एकही भोक नव्हतं. मी वळून खाटेकडे पाहिलं. अर्धवट शिवलेलं पोतं, आणि खाटेच्या सुंभात खोचलेलं दाभण.

अक्कानेही तिकडेच पाहिलं. तिचा चेहरा उतरला. जो माणूस आखाजीला वावराचा निर्णय देणार, त्यालाच आता सगळ्यांसमोर सांगायचं की तुमच्यामुळे केळी सुकली? आणि न सांगावं, तर दोष तिच्या ठिबकवर. तेवढ्यात प्रल्हादभाऊ आलाच. भोकं बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं की हे कोणाचं काम.

"खारी," मी म्हटलं. "उन्हाळ्यात पाण्यासाठी नळ्या कुरतडतात."

हे खोटं नाही, खारी कुरतडतात. पण प्रल्हादभाऊ खाली वाकला, भोकावर बोट फिरवलं आणि खार इतकं गोल कुरतडते का असं मला विचारलं. मी म्हटलं, असोद्याची खार आहे, हुशार असणारच. बाया हसल्या. आबा हसले नाहीत. ते काठीवर हनुवटी टेकवून माझ्याकडे बघत होते.

मी पिशवीतली बुचं बायांना वाटली. अक्काला मोबाइल घेऊन शेवटच्या ओळीला उभं केलं. मग फिल्टरवरच्या गेजच्या काचेवर दीड किलोपाशी लाल पेनने रेघ मारली, एका बाईला हाताशी घेऊन आबांची खाट उचलून फिल्टरपाशी आणली आणि त्यांना विनंती केली की आबा, आम्ही सगळ्या वाकून काम करणार, या घड्याळाकडे तुम्ही लक्ष ठेवा.

"मले त्याच्यातलं वाचता येत नाही पोरी," आबा म्हणाले.

मी म्हटलं, वाचू नका, फक्त काटा लाल रेघेकडे निघाला की हाक मारा.

आम्ही बुचं मारायला सुरुवात केली. आणि मग जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. भोकं बुजत गेली तशी उरलेली चवताळली. आधी जी पानांखाली फुरफुरत होती ती पानं फेकून वर उडायला लागली. गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी. जिथे काही नाही असं वाटलं होतं तिथूनही फवारे उठले. आम्हाला शोधावंच लागेना, भोकं स्वतःहून आपला पत्ता सांगत होती. बाया चिंब झाल्या, एकमेकींना ढकलत, हसत, फवाऱ्यावर तुटून पडत होत्या. एवढ्यात खाटेवरून हाक आली की काटा हालला. थोड्या वेळाने पुन्हा, चालला वरे चालला. आबा उठून उभे राहिले होते, काठी खाली पडली होती, आणि एक हात फिल्टरच्या पाइपावर ठेवला होता. आतली थरथर त्यांच्या तळव्याला जाणवत असणार. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्याच हातची भोकं एकेक करून उंच उडत होती आणि मिटत होती.

प्रल्हादभाऊ हाताची घडी घालून बांधावर उभा होता. काटा एकच्या पुढे गेल्याची हाक आली आणि त्याची घडी सुटली. त्याने चप्पल काढली, माझ्या हातातून मूठभर बुचं घेतली आणि तोही ओळीत वाकला.

काटा लाल रेघेला टेकला तेव्हा मोटरचा आवाजसुद्धा बदलला, भरीव झाला. मी मोबाइल कानाला लावला. पलीकडे अक्का नुसती श्वास घेत होती. लांबच लांब वाटला तो वेळ.

मग तिचा आवाज आला. "ताई, पडू राहिला. थेंब पडू राहिला."

मी मान वळवून आबांना सांगितलं की पाणी पोचलं. त्यांनी विचारलं, "शेवटल्या केयीपर्यंत?" मी होकार दिला. ते हळूच खाटेवर बसले. प्रल्हादभाऊ ओले हात पुसत जवळ आला होता. त्याच्याकडे बघून आबा म्हणाले, "खार-बिर काही नाही रे प्रल्हाद. म्या पाडले ते भोकं. थेंबाथेंबानं केयीची तहान भागंन असं मले वाटेच ना. तिच्या पायाशी बसून पाहू तं जीव तुटे. जेथपर्यंत पाय गेले तेथपर्यंत पाजलं. पुढचीले काही राह्यलं नाही हे मले दिसलंच नाही."

प्रल्हादभाऊने वाकून आबांची काठी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. माझे डोळे भरून आले होते, पण मी चिंब भिजलेले असल्याने ते कुणाला कळलं नाही, हे एक बरं झालं.

आखाजीला मला जेवायचं आग्रहाचं बोलावणं आलं. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या. सगळे पंगतीला बसलेले, अक्का वाढत होती आणि तिचं लक्ष ताटात नव्हतं. वावराचा विषय प्रल्हादभाऊनेच काढला. ठिबक चांगलं असेल, पण दर वेळी कुणाला तरी बोलवावं लागतं, दांडाच्या पाण्याला कुणी लागत नाही, असं तो म्हणाला. त्याचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. मी जेवत राहिले, कारण माझं बोलायचं काम नव्हतं.

आबांनी घास खाली ठेवला. "तुह्या वावरात शेवटली केयी कशी हाये?"

प्रल्हादभाऊ आमरसात बघायला लागला. दांडाचं पाणी वाटेतच जिरतं आणि शेवटच्या झाडाला ओल तेवढी मिळते, हे पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"तिची म्या पाहून आलो," आबा म्हणाले. "सकायी सालदाराच्या गाडीवर बसून गेलो. घड बाहेर आला." मग त्यांनी सांगून टाकलं. "अक्काचं वावर अक्काच करंन. आणि तू तुह्या तुकड्यात नळ्या टाक. अक्काले इचारून टाक."

अक्का माझ्या ताटापाशी उभी होती. तिच्या हातातल्या भांड्यातून माझ्या वाटीत आमरस पडत राहिला, वाटी भरली, ताटात उतरला, तरी ती थांबेना. मीही तिला थांबवलं नाही. एवढ्या वर्षांत प्रेशर म्हणजे काय हे मी शेकडो लोकांना नखावर किलोचं माप ठेवून समजावलं होतं. ते शेवटच्या झाडाशी जाऊन बघायचं असतं, हे इतक्या थोडक्यात मला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं.

निघताना आबांनी मला खाटेपाशी बोलावलं. सुंभात खोचलेलं दाभण उपसलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"हे ने पोरी," ते म्हणाले. "माह्याजवय राह्यलं तं मले राहवनार नाही."